फळविरळणी आणि कर्तृत्वाचा प्रश्न

झाडावर धरलेल्या फळांपैकी काही फळे कोवळी असतानाच काढून टाकणे, म्हणजेच फळांची विरळणी करणे, ही बागायतीतील जुनी रीत आहे. उरलेल्या फळांना पुरेसा अन्नरस मिळावा, ती आकाराने भरावीत, ओझ्याने फांद्या मोडू नयेत आणि झाडाने पुढच्या वर्षीही बहर धरावा, असे हेतू तिच्यामागे सांगितले जातात. हे काम हातांनी होत होते तोवर धर्मविचाराने त्याची फारशी दखल घेतली नाही. विसाव्या शतकात सफरचंदाच्या बागांत तेच काम रसायनांच्या फवारणीने होऊ लागले, आणि तेव्हा कर्मविचारातला एक जुना पेच नव्या रूपात समोर आला. फळाला माणसाचा हात लागलेला नाही, झाडाने ते आपले आपणच गाळले आहे, परंतु झाडाने ते गाळावे अशी परिस्थिती माणसाने हेतुपूर्वक निर्माण केली आहे. अशा वेळी त्या गळण्याचा कर्ता कोणाला म्हणायचे?

बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातील उमापूरच्या शिवारात हा प्रश्न सफरचंदाच्या रूपाने येत नाही, कारण सफरचंदाला लागणारी दीर्घ थंडी त्या प्रदेशात नाही. गोदावरी ज्याच्या उत्तर सीमेवरून वाहते त्या या तालुक्याची बागायती ओळख मोसंबीची आहे, आणि अलीकडच्या काळात तिला डाळिंबाची जोड मिळाली आहे. मात्र मोसंबी आणि डाळिंब यांच्या शेतीतही झाडाच्या गळण्यावर आणि धरण्यावर माणसाची हुकमत चालते, आणि ती सफरचंदाच्या बागेपेक्षा कमी कठोर नाही. म्हणून सफरचंदाच्या उदाहरणातून प्रश्नाची मांडणी करून तो गोदाकाठच्या बागेत तपासून पाहणे उपयुक्त ठरते.

सफरचंदाच्या एका गुच्छात साधारण पाच-सहा फुले असतात. झाड पूर्ण फुलले तर त्यातील शंभरांपैकी पाच ते दहा फुलांची फळे झाली तरी व्यापारी दृष्टीने पीक भरपूर मानले जाते. बाकीच्यांपैकी पुष्कळ फुले आणि कोवळी फळे झाड स्वतःच टाकते. परंतु परागीभवन उत्तम झाले असेल, तर हे नैसर्गिक गळणे पुरेसे होत नाही. त्यातून दुहेरी अडचण येते. एक तर फळे लहान राहतात. दुसरे म्हणजे कोवळ्या फळांतील बियांमधून निघणारी जिबरेलिन नावाची संप्रेरके, म्हणजे वनस्पतीच्या शरीरात अत्यल्प प्रमाणात राहून वाढीचे नियमन करणारी द्रव्ये, पुढील वर्षाच्या फुलकळ्या तयार होऊ देत नाहीत. परिणामी झाड एक वर्ष लगडते आणि दुसऱ्या वर्षी रिकामे राहते. हे टाळण्यासाठी फळ साधारण आठ ते बारा मिलिमीटर व्यासाचे असताना एनएए, बेन्झिलअॅडेनिन, इथेफॉन यांसारखी द्रव्ये फवारली जातात. ही द्रव्ये फळाला थेट मारत नाहीत. काहींमुळे झाडातील अन्नाचा पुरवठा काही दिवस तोकडा पडतो, काहींमुळे देठापाशी विलग होण्याच्या क्रियेला चालना मिळते, आणि एकाच गुच्छातील फळांची आपसांतील ओढाताण तीव्र होऊन त्यांतले दुबळे फळ मागे पडते व देठासह सुटते. कोणते फळ राहील याची निवड फवारणारा करीत नाही, ती झाडाच्या अंतर्गत व्यवहारातून होते.

यातील एनएए हे द्रव्य तत्त्वचिंतकाने विशेष पाहण्यासारखे आहे. फुलोऱ्यानंतर थोड्या दिवसांनी सफरचंदावर ते फवारले तर फळे गळतात, आणि तोडणीच्या सुमारास फवारले तर गळणारी फळे झाडावर टिकतात. मराठवाड्यातील मोसंबीचा बागाईतदार ते फळगळ थांबवण्यासाठी वापरतो, तर जपानमध्ये मोसंबीच्याच कुळातील सात्सुमा संत्र्यावर ते विरळणीसाठी वापरले गेले आहे. द्रव्य तेच आहे. काळ, मात्रा आणि झाड बदलले की त्याचे कार्य उलटे होते. पाप-पुण्य पदार्थाला चिकटलेले असते, अमुक वस्तू हिंसक आणि तमुक वस्तू सात्त्विक असते, अशी जी ढोबळ समजूत लोकव्यवहारात आणि कधीकधी सेंद्रिय शेतीच्या प्रचारातही आढळते, तिला हे एक उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

गेवराईच्या मोसंबीत विरळणीपेक्षा फळगळीचीच चिंता मोठी असते, कारण मोसंबी मुळातच फुलांच्या मानाने फार थोडी फळे शेवटपर्यंत नेते. तेथे माणसाची हुकमत आधीच्या टप्प्यावर चालते. अंबिया बहर धरायचा असेल, तर पावसाळा सरल्यावर बागेचे पाणी तोडतात आणि जमिनीच्या मगदुरानुसार महिना ते दोन महिने झाडाला ताण देतात. पाने मलूल होतात, काही गळतात, वाढ थांबते, आणि नंतर खत-पाणी मिळाले की झाड एकदम फुलते. तहानेच्या भयाने झाड फुलावर येते, असे बागाईतदार म्हणतो, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने त्याचे म्हणणे फारसे चुकीचे नाही. डाळिंबात हीच क्रिया आणखी उघड असते. ताणानंतर इथ्रेल या नावाने ओळखले जाणारे इथेफॉन फवारून झाडाची पाने पाडतात, हलकी छाटणी करतात, मग पाणी सोडतात. पुढे फळे सुपारीएवढी झाली की पूर्ण वाढलेल्या झाडावर साठ ते ऐंशी फळे ठेवून बाकीची हातांनी काढतात. म्हणजे एकाच झाडावर, एकाच हंगामात, पानांसाठी रसायन आणि फळांसाठी हात अशी विभागणी झालेली असते. पाने पाडताना कोणाला अपराधी वाटत नाही, आणि फळ तोडताना मजूर स्त्रीचा हात क्षणभर थबकतो, हे केवळ भावनेचे प्रकरण म्हणून सोडून देण्याजोगे नाही. फळ हे कशाची तरी पूर्तता आहे ही धारणा त्या थबकण्यामागे असते.

भारतीय परंपरेत शेती आणि हिंसा यांच्या संबंधाचा विचार नवा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेतीबद्दल म्हटले आहे की लोक तिला चांगली वृत्ती मानतात, पण लोखंडी टोकाचा नांगर भूमीला आणि भूमीतील जीवांना इजा करतो. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने सांगतो: नांगर चालवणारा असंख्य जीव मारतो, धान्याचे दाणेही सजीव आहेत, आणि पूर्ण अहिंसक असा माणूस या जगात सापडत नाही. मनूचा रोख वृत्तीची प्रतवारी लावण्यावर आहे आणि व्याधाचा रोख ती प्रतवारी मोडण्यावर. तरीही दोघांच्याही मते हिंसा घडते ती शेतीच्या ओघात, हेतूबाहेर. फळविरळणीत मात्र जीवाचे गळणे हा अपघात नसून तोच हेतू असतो. जैन आचारशास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद केले आहेत. त्यांतील संकल्पी, म्हणजे मारण्याच्याच हेतूने केलेली हिंसा गृहस्थालाही वर्ज्य असून, उद्योगी, म्हणजे उपजीविकेच्या ओघात होणारी हिंसा त्याला पूर्णपणे टाळता येत नाही असे मानले आहे. विरळणी या दोहोंच्या सीमेवर पडते: ती उपजीविकेसाठी आहे, पण तिच्यात फळ पाडण्याचा संकल्पही स्पष्ट आहे. वनस्पती एकेंद्रिय जीव असल्याने गृहस्थाला येथे सवलत मिळते हे खरे. पण सवलत मिळते याचा अर्थ प्रश्न उरत नाही असा नव्हे.

जैन परंपरेतील सहा लेश्यांचा दृष्टान्त या संदर्भात फारच मार्मिक ठरतो. लेश्या म्हणजे मनोवृत्तीनुसार आत्म्याला येणारी रंगछटा. जांभळाच्या झाडाखाली आलेल्या सहा भुकेल्या माणसांपैकी एकाला झाड मुळासकट उपटावेसे वाटते, दुसऱ्याला बुंधा तोडावासा वाटतो, तिसऱ्याला मोठी फांदी, चौथ्याला डहाळी, पाचव्याला केवळ फळे, आणि सहावा म्हणतो की खाली पडलेली फळे आपल्याला पुरेशी आहेत. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतची ही चढण आहे, आणि तिच्या टोकाला आपोआप गळलेले फळ आहे. रासायनिक विरळणीत फळ बाह्यतः तसेच गळते. झाडाखाली ते पडलेले पाहणाऱ्याला फवाऱ्याने पाडलेले फळ आणि आपसूक गळलेले फळ यांत फरक सांगता येणार नाही. तरीही या गळण्याला शुक्ल लेश्या कोणी म्हणणार नाही. का म्हणणार नाही, याचे उत्तर जैन विचारात आणि पातंजल योगसूत्रांतही एकाच त्रयीत दिलेले आहे: हिंसा केलेली असो, करवलेली असो, की अनुमोदलेली असो, ती हिंसाच होय. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींत फवारणी कारित ठरते. येथे करवून घेण्याचे साधन नोकर किंवा शेजारी नसून झाड स्वतः आहे, एवढाच त्यातला नवेपणा. ज्याची फळे पाडायची त्याच्याच हातून ती पाडवून घेणे ही कल्पना प्राचीन ग्रंथकारांपुढे आलेली दिसत नाही, पण त्यांनी आखलेली चौकट तिला सामावून घेण्याइतकी रुंद आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. फवारणीला ही यादी जणू बेतून लावता येते. झाड हे अधिष्ठान, बागाईतदार कर्ता, पंप व औषध हे करण, फवारण्याची हालचाल ही चेष्टा, आणि दैव म्हणजे हवामान. यातले शेवटचे कारण सफरचंदाच्या बागेत निव्वळ अलंकारिक नाही. फवारणीनंतर दोन-तीन दिवस आकाश ढगाळ राहिले आणि रात्री उबदार गेल्या, तर पानांत अन्न कमी बनते, झाड ते खर्चून बसते, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक फळे गळून जातात. उलट हवा थंड व निरभ्र राहिली तर फवारणीचा परिणाम दिसतच नाही. एवढ्या अनिश्चिततेत कर्तेपणाचा दावा आणि कर्तेपणाची नाकबुली दोन्ही सारख्याच सोप्या होतात: पीक साधले तर कौशल्य माझे आणि बाग उघडी पडली तर ढग वैरी. गीतेच्या त्या श्लोकाचा आधार घेऊन कोणी असे म्हणू लागला की पाचांतला मी केवळ एक आहे, तर त्याला हेही सांगितले पाहिजे की पाचांच्या यादीत कर्ता गाळलेला नाही. अनिश्चितता ठाऊक असून केलेले कर्म अनिश्चिततेमुळे हलके होत नाही. उलट हाताने एकेक फळ तोडणाऱ्याची चूक एका फळापुरती असते, तर फवारणाऱ्याची चूक अख्ख्या बागेची असते, आणि म्हणून त्याच्यावरची जबाबदारी वाढते असेच मानले पाहिजे.

ज्ञानेश्वरांचे विवेचन या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडते, आणि ते उमापूरपासून फार दूरवर झालेले नाही. गोदावरीच्या खोऱ्यातच, नेवाशाला, शके 1212 म्हणजे 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसेपाशी ते बराच वेळ थांबतात आणि प्रथम प्रचलित मतांचा समाचार घेतात. फांद्या तोडून त्यांचेच कुंपण त्याच झाडाच्या बुंध्याभोवती घालावे, किंवा देऊळ मोडून त्याच दगडांनी देवासाठी भिंत बांधावी, तशी हिंसा करून अहिंसा साधण्याची ही रीत आहे, असे ते पूर्वमीमांसेच्या यज्ञविचाराविषयी म्हणतात. त्यापुढे ते वैद्यकाकडे वळतात. जीवाला वाचवण्यासाठी आयुर्वेद मुळे खणायला लावतो, साली काढायला लावतो, ज्यांचे कोणाशी वैर नाही अशा वृक्षांच्या अंगभर शिरा कापायला लावतो आणि त्यांना वाळवून टाकतो, हे त्यांचे निरीक्षण एखाद्या बागाईतदाराला आपल्यासमोरच ठेवलेले वाटावे इतके नेमके आहे. काही जीवांचा नाश करून इतर जीव राखणे ही विरळणीची व्याख्याच आहे.

परंतु ज्ञानेश्वर या टीकेवरून शेती सोडण्याच्या निष्कर्षाला जात नाहीत, आणि तेथेच त्यांच्या विचाराची खरी खोली दिसते. स्वतःच्या मताप्रमाणे अहिंसा सांगताना ते कोणत्या वस्तूला इजा झाली याची यादी देत नाहीत. अहिंसा ज्याच्या मनात रुजली तो चालतो कसा, बोलतो कसा, पाहतो कसा, हात हलवतो कसा, याचे दीर्घ वर्णन ते करतात. भूतमात्रांत ब्रह्म आहे, ते आपल्या दृष्टीने टोचेल, म्हणून असा माणूस रोखून पाहतही नाही, इतक्या सूक्ष्मतेपर्यंत ते वर्णन जाते. मनात बीज असते आणि वाणी, दृष्टी व हात ही त्याची प्रकट रूपे असतात, हा त्यांचा सिद्धान्त होय. तो विरळणीला लावला तर हात आणि फवारा यांच्यातला भेद द्रव्याच्या नैसर्गिक-कृत्रिमपणात राहत नाही. हाताने विरळणी करणाऱ्याला फळ पाहावे लागते: वाकडे कोणते, किडके कोणते, जुळ्यांतले कोणते ठेवावे, हे ठरवताना त्याची नजर प्रत्येक फळावर जाते. फवारणी ही नजर अनावश्यक करून टाकते. रासायनिक विरळणीविषयी धर्मदृष्टीने काही आक्षेप घ्यायचा असेल, तर तो रसायनाला नव्हे, या न पाहण्याला घेतला पाहिजे. हाताने काम करवणाऱ्या मालकालाही हा आक्षेप पुरता चुकत नाही. त्याच्या बागेत पाहतात त्या मजूर स्त्रिया, आणि फळाशी असलेला तो सूक्ष्म संबंध रोजंदारीवर विकत घेतलेला असतो. मजूर मिळत नाहीत आणि परवडत नाहीत ही बागाईतदाराची अडचण खोटी नाही, पण ती आर्थिक अडचण आहे, धर्माचा निर्णय नव्हे.

विरळणीचे समर्थन झाडाच्या हिताच्या भाषेत केले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. फांदी मोडणे, झाड थकणे, एकाआड एक वर्ष फळणे, हे त्रास खरे आहेत. पण मोठे फळ ही झाडाची गरज नाही. झाडाच्या दृष्टीने फळ हे बियांचे वाहन आहे आणि पुष्कळ लहान फळे त्याला थोड्या मोठ्या फळांइतकीच चालतील. मोठे फळ पेटीला, प्रतवारीला आणि ग्राहकाच्या डोळ्याला हवे असते. शिवाय फळांची ही गर्दी बऱ्याच अंशी माणसानेच घडवलेली असते. ताणाने फुलोरा एकदम आणायचा, खताने तो वाढवायचा, कमी अंतरावर जास्त झाडे लावायची, आणि मग जास्त झाले म्हणून काढायचे, असा हा क्रम आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेद अध्यायात दोन झाडांमधील अंतर वीस हात असावे तर उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात कनिष्ठ, असे सांगितले आहे, कारण एकमेकांना भिडलेली झाडे नीट फळत नाहीत. त्याने विरळपणा लागवडीआधीच मागितला आहे. आजचा बागाईतदार तो नंतर मागतो. संयमाचे दोन काळ असतात आणि आधीच्या काळातला संयम स्वस्त पडतो, हा निष्कर्ष काढण्यासाठी वराहमिहिराला आध्यात्मिक ग्रंथकार मानण्याची गरज नाही.

फवारा फळापाशी थांबत नाही, हा दुसरा आणि अधिक गंभीर मुद्दा होय. सफरचंदाच्या विरळणीत दीर्घकाळ वापरले गेलेले एक द्रव्य म्हणजे कार्बारिल. ते मूळचे कीटकनाशक. 1950 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि त्याने कोवळी सफरचंदे गळतात हे लवकरच ध्यानात आले. मधमाश्यांना ते अतिशय विषारी आहे, म्हणजे ज्यांच्या परागीभवनामुळे फळे धरली त्यांच्यावरच फळे पाडण्याचे औषध उलटते. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात बनत असे ते कार्बारिलच, सेविन या नावाने; 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री जो वायू शहरावर पसरला तो मिथाइल आयसोसायनेट त्याच्याच निर्मितीतला मधला पदार्थ होता. युरोपीय संघाने 2007 मध्ये या द्रव्याची मान्यता काढून घेतली आणि भारतात ऑगस्ट 2018 मध्ये त्यावर बंदी आली. फळाच्या आकारासाठी केलेल्या निवडीची साखळी किती लांब जाते, आणि अनुमोदित हिंसेची कल्पना जुन्यांनी उगीच मांडली नव्हती, हे या एका द्रव्याच्या इतिहासातून दिसते. डाळिंबातील इथ्रेल या तुलनेत सौम्य आहे, पण पाठीवर पंप घेऊन तोंडाला नुसते उपरणे गुंडाळणाऱ्या माणसाला तेही निरुपद्रवी म्हणता येत नाही.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एका मुद्द्यावर स्पष्ट बोलणे भाग आहे. नकोसे काढून टाकले म्हणजे उरलेल्यांचे भले होते हा बागेतला न्याय माणसांच्या जगात सहज शिरतो, आणि तेथे तो न्याय राहत नाही. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ 807 मुली होत्या. गर्भलिंगनिदान करून मुलगी नाकारणाऱ्या कुटुंबाने आपल्या कृत्याचे समर्थन जवळपास याच शब्दांत केलेले असते: शेत थोडे, खाणारी तोंडे फार, हुंड्याचे ओझे मोठे. फळाच्या बाबतीत निवडीचा अधिकार मानता येतो तो एवढ्याचसाठी की फळ हे स्वतःसाठी कोणते हित राखून आहे असे म्हणता येत नाही, त्याचे हित झाडात आणि झाडाचे हित वंशसातत्यात सामावलेले असते. मनुष्यजन्म दुसऱ्या कोणाच्या सोयीत असा सामावत नाही. कोणतीही दर्शनपरंपरा, आस्तिक असो वा नास्तिक, या ठिकाणी डगमगलेली नाही. विरळणीचा दाखला संसारात कोणी आणला, तर तो तेथेच अडवला पाहिजे.

आता उरतो तो बागाईतदाराच्या वाट्याच्या दोषाचा प्रश्न, आणि त्याला स्मृतिकारांचे एक उत्तर आहे. गृहस्थाच्या घरात चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच जागी जीव मरतात, त्यांना पंचसूना म्हणजे पाच वधस्थाने म्हटले आहे. त्यांपैकी एकही बंद करायला मनू सांगत नाही, कारण चूल बंद झाली तर घरच राहत नाही. तो रोज पाच महायज्ञ करायला सांगतो, आणि त्यांत भूतयज्ञ म्हणजे इतर जीवांना त्यांचा वाटा देणे हा एक आहे. दोष नाकारायचा नाही आणि दोषाखाली दबून कामही सोडायचे नाही, त्याची परतफेड त्याच घराच्या रोजच्या व्यवहारात करीत राहायचे, अशी ही योजना आहे. पंप ही आजच्या शेतकऱ्याची सहावी सूना मानली, तर तिचा भूतयज्ञ कोणत्या मंत्राने होईल असे विचारण्यापेक्षा तो कोणत्या वेळी होईल असे विचारणे अधिक सयुक्तिक ठरते. डाळिंबाची बाग फुलोऱ्यात असताना मधमाश्या सकाळी उन्हे चढू लागली की फुलांवर येतात आणि सायंकाळी परततात. फवारणी त्या परतल्यावर करणे, फुलोऱ्यात शक्य तेवढी टाळणे, बांधावरची फुलणारी झाडे-झुडपे तणनाशकाने न जाळणे, आणि फवारणाऱ्या गड्याला मुखवटा व हातमोजे देऊन त्याच्या मजुरीतून त्यांचे पैसे न कापणे, एवढे तरी त्यात बसते.